बळ घेण्यापूर्वी बळ मोजावे

२०१६ नंतरचा उज्जैनचा सिंहस्थ २०२८ साली येत आहे. त्या निमित्ताने क्षिप्रेचे घाट, नवे रस्ते, पूल, वाहनतळ आणि पाणीपुरवठा यांचीच चर्चा सर्वत्र चालू आहे व ती आवश्यकही आहे. कोट्यवधी माणसे एका नगरीत उतरणार असतील तर शासनाने आधी दगड-विटांचा हिशेब मांडावा यात नवल नाही. परंतु त्या घाटावर ज्याच्या पायांनी चालत जावयाचे आहे त्या यात्रेकरूच्या हृदयाचा आणि दमाचा हिशेब कोणी मांडला आहे काय, हा प्रश्न आम्हांस आज विचारावासा वाटतो. तो मालवदेशीच्या शासनास तर आहेच, पण त्याहून अधिक तो आमच्या किनारपट्टीच्या लोकांस आहे.

उज्जैन आम्हांस परके नव्हे. ज्या महाकालेश्वराच्या दर्शनास आज देशभरातून रीघ लागते त्याचे विद्यमान मंदिर अठराव्या शतकात उभे करविले ते राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी. कोकणपट्टीतला एक कारभारी पुरुष मालव्यात जातो आणि तेथील भग्न ज्योतिर्लिंगस्थानाचा जीर्णोद्धार करतो, ही गोष्ट आमच्याकडील पुष्कळ घरांत आजही अभिमानाने सांगितली जाते. १८१० च्या सुमारास शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरीस गेली, तरी उज्जैनशी असलेला मराठी माणसाचा संबंध तुटला नाही. २०२२ साली महाकाल लोकाचे उद्घाटन झाल्यापासून तर आमच्याकडून तिकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची संख्या नजरेत भरण्याइतकी वाढली आहे. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, शेतकरी आहेत, आयुष्यभर घराबाहेर न पडलेल्या आजीबाई आहेत. आणि बहुतेक साठीच्या पुढचे आहेत.

उज्जैनमध्ये आणखी एक यात्रा भरते. तिची ख्याती सिंहस्थाएवढी नसली तरी आमच्या आजच्या विषयाशी तिचा संबंध अधिक निकटचा आहे. ही पंचक्रोशी यात्रा. उत्तरेकडील गणनेप्रमाणे वैशाख वद्य दशमीस, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य दशमीस, ती सुरू होते आणि अमावास्येस संपते. पिंगळेश्वर, कायावरोहणेश्वर, बिल्वकेश्वर आणि दुर्दुरेश्वर या महाकाल-क्षेत्राच्या चार द्वारपालांचे दर्शन घेत यात्रेकरू सुमारे ११८ किलोमीटरची वाट पाच दिवसांत पायी चालतात. निघण्यापूर्वी पटनी बाजारातील नागचंद्रेश्वरापाशी जाऊन ते देवाकडून 'बळ' मागून घेतात. महाकाल मंदिराच्या वरच्या मजल्यावर केवळ नागपंचमीस ज्याचे द्वार उघडते तो नागचंद्रेश्वर निराळा, हा बाजारातला. यात्रा पूर्ण झाली म्हणजे यात्रेकरू पुन्हा तेथेच येतात, मातीचे घोडे वाहतात आणि घेतलेले बळ देवाला परत करतात.

या प्रथेतील शहाणपण आम्हांस थोर वाटते. बळ ही अमर्याद वस्तू नाही, ते मोजून घ्यावे लागते, पुरवून वापरावे लागते आणि त्याचा हिशेब द्यावा लागतो, हे आमच्या पूर्वजांना ठाऊक होते. आज विज्ञानाने ते बळ आकड्यांत मोजण्याची सोय करून दिली आहे. असे असता आम्ही मात्र न मोजताच निघतो.

हे मोजमाप कसे होते ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. स्वस्थ बसलेला माणूस शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे साडेतीन मिलीलिटर प्राणवायू खर्च करतो. म्हणजे सत्तर किलो वजनाच्या गृहस्थास बसल्या जागी मिनिटाला पाव लिटर प्राणवायू लागतो. तोच गृहस्थ सपाटीवर ताशी चार किलोमीटर वेगाने चालू लागला की हा खर्च सुमारे तिप्पट होतो. जिना चढताना किंवा ओझे घेतल्यास आणखी वाढतो. हा वाढीव प्राणवायू फुप्फुसांनी आत घ्यावा, रक्ताने वाहावा, हृदयाने पुढे ढकलावा आणि स्नायूंनी जाळावा, असे हे चौघांचे एकत्र कुटुंब आहे. त्यांतील एकजण जरी कमकुवत असला तरी सर्व संसार अडतो. कोण कमकुवत आहे हे बसल्या जागी कळत नाही. कुटुंबाची खरी परीक्षा कार्यप्रसंगी होते, तशी शरीराची श्रमप्रसंगी होते.

ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात धावणाऱ्या माणसाचा उच्छ्वास पिशवीत गोळा करून त्यातील प्राणवायू मोजला आणि प्रत्येक माणसाच्या प्राणवायू घेण्यास एक कमाल मर्यादा असते हे दाखवून दिले. १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील कार्लमन वॉसरमन यांनी त्यापुढची पायरी सांगितली. श्रम वाढत गेले की एका टप्प्यास स्नायूंची गरज प्राणवायूच्या पुरवठ्यापुढे जाते, रक्तात लॅक्टिक आम्ल साचू लागते आणि श्वास एकाएकी जड होतो. हा टप्पा उच्छ्वासातील वायूंवरून ओळखता येतो. या ज्ञानावर आजची हृदय-फुप्फुस श्रमचाचणी उभी आहे. तोंडावर मुखवटा बांधून रुग्णास सायकलीवर किंवा सरकत्या पट्ट्यावर दहा-बारा मिनिटे हळूहळू वाढते श्रम करावयास लावतात. त्या वेळी त्याने घेतलेला प्राणवायू, सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड, नाडी, रक्तदाब आणि हृदयाचा विद्युत्-आलेख ही सर्व एकदम नोंदली जातात. दम लागतो तो हृदयामुळे, फुप्फुसांमुळे, रक्ताच्या कमतरतेमुळे की केवळ सवय नसल्यामुळे, याचा उलगडा या एका चाचणीतून पुष्कळ अंशी होतो.

ही केवळ पाश्चात्त्यांची विद्या आहे असे मात्र कोणी समजू नये. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि प्राणायाम करणाऱ्या साधकांच्या श्वासातील वायूंचे पृथक्करण करून दाखविले. परंपरेवर दृढ श्रद्धा असलेल्या या पुरुषाला श्वास मोजल्याने योगाचे पावित्र्य भंगते असे वाटले नाही. मुंबईस शीव येथील सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १९७९ साली भारतीय कामगारांविषयी असाच एक महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आठ तासांच्या पाळीत माणसाने आपल्या कमाल क्षमतेच्या सुमारे ३५ टक्क्यांपर्यंतच श्रम करावेत आणि नाडी मिनिटाला ११० च्या आसपास ठेवावी, म्हणजे तो दिवसअखेर थकून कोसळणार नाही, असा तो निष्कर्ष होता.

हाच निकष पंचक्रोशीच्या वाटेस लावून पाहू. ११८ किलोमीटर पाच दिवसांत म्हणजे रोज सुमारे २४ किलोमीटर. ताशी चारच्या वेगाने ही चाल सहा तासांची. त्या वेगास विश्रांतीच्या तिप्पट प्राणवायू लागतो. तो क्षमतेच्या ३५ टक्क्यांत बसवावयाचा असेल तर यात्रेकरूची कमाल क्षमता विश्रांतीच्या साडेआठ पट तरी असली पाहिजे. व्यायामाची सवय नसलेल्या साठीच्या अनेक गृहस्थांची क्षमता सात पटींच्या आसपासच असते. हृदयविकार किंवा जुना दमा असेल तर ती पाचावर किंवा त्याहूनही खाली येते. सात पटीच्या माणसाने वेग ताशी तीनवर आणावा, सहाच्या जागी आठ तास धरावेत आणि मध्ये विसावे घ्यावेत. पाच पटीच्या माणसाने एखाददुसरा टप्पाच पायी करून उरलेली वाट वाहनाने जावे. देव त्यास कमी लेखणार नाही. आपली पंढरीची वारी पाहा. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर अठरा-वीस दिवसांत, पावसाळी हवेत, ठरलेल्या विसाव्यांनी कापले जाते. वृद्ध वारकरी ती वर्षानुवर्षे पार पाडतात, त्याचे श्रेय विठ्ठलाच्या कृपेइतकेच त्या संथ आणि शहाण्या वेळापत्रकासही आहे.

त्यातून मालव्यातील उन्हाळा वेगळा. आमच्या किनाऱ्यावरील दमट हवेत घामाने अंग भिजते, तेव्हा पाणी गेले हे आपोआप कळते. उज्जैनच्या कोरड्या उन्हात पारा चाळिशीपार जातो आणि घाम निघताक्षणी वाळतो. अंग कोरडेच राहिल्याने किती पाणी गेले हे यात्रेकरूच्या ध्यानी येत नाही. रक्तातील पाणी आटते, त्वचा थंड ठेवण्यासाठी हृदयास अधिक रक्त बाहेर पाठवावे लागते आणि त्याच चालीस नाडी पंधरा-वीस ठोक्यांनी वाढू शकते. शरीरास अशा उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. आमचे यात्रेकरू मात्र आदल्या रात्री उतरतात आणि पहाटे रांगेत उभे राहतात. तीन दिवसांत उज्जैन, ओंकारेश्वर आणि वाटेतील आणखी चार ठिकाणे उरकण्याचे कार्यक्रम आखणारे सहल-व्यवस्थापक या संकटात भर घालतात, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

गोमंतकीयांनी या बाबतीत विशेष सावध का असावे याचे कारण गंभीर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले. संपूर्ण देशात प्रौढांपैकी ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के. म्हणजे आमच्याकडील चार प्रौढांपैकी एकाहून अधिक मधुमेही. मधुमेहात नसांची संवेदना बोथट होते. हृदयास रक्त कमी पडले तरी छातीत कळ येईलच अशी खात्री नसते; केवळ दम लागतो, किंवा अकारण थकवा येतो. अशा माणसाचा स्वस्थ पडून काढलेला विद्युत्-आलेख पुष्कळदा निर्दोष निघतो आणि कागद हातात घेऊन तो निश्चिंत मनाने प्रवासास निघतो. रोग श्रमातच प्रगट होत असेल तर तपासणीही श्रमातच झाली पाहिजे. शिवाय इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारा माणूस उपवास करून कोसभर चालला तर त्याची साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडी मुळातच मंद राहते, म्हणून नाडीवरून श्रम ओळखण्याचा नियमही अशांना लागू पडत नाही. या गोष्टी निघण्यापूर्वी वैद्यांशी बोलून ठरवावयाच्या असतात.

घरातील वृद्ध स्त्रियांविषयी एक शब्द. जिना चढताना त्या मध्येच थांबतात, कठड्यास टेकतात आणि कोणी विचारले तर "आता वय झाले" म्हणून हसून वेळ मारून नेतात. हा दम पुष्कळदा वयाचा नसतो. तो रक्तक्षयाचा असतो, वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात झिजलेल्या फुप्फुसांचा असतो, किंवा दुबळ्या हृदयाचा असतो. यांतील बहुतेक विकारांवर उपाय आहेत. पण जे मोजले नाही त्यावर उपाय कोण करणार?

न मोजण्याची किंमत किती भयंकर असते याचे उदाहरण उज्जैन विभागातच आहे. त्या विभागातील मंदसौरच्या पाटीवरील पेन्सिली एके काळी देशभरातील मुलांच्या हाती होत्या. आमच्या पिढीने त्यांनीच मुळाक्षरे गिरविली. ती पेन्सिल कापताना उडणारी सिलिकायुक्त धूळ कामगारांच्या छातीत साचत होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ५९३ कामगार तपासले आणि १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस झाल्याचे दिसून आले. हा रोग एकदा जडला की बरा होत नाही. गेलेले फुप्फुस परत येत नाही. श्वासमापक यंत्रात दरवर्षी एकदा फुंकर घालण्यापुरतीच तसदी पहिल्या वर्षापासून घेतली असती, आणि धूळ शोषणारे पंखे वेळीच बसविले असते, तर कितीतरी तरुण जीव वाचले असते. आमच्याकडेही खाणींच्या पट्ट्यात खनिजाच्या धुळीत आयुष्य काढलेले कामगार आहेत आणि ट्रकांच्या रस्त्यालगत राहणारी कुटुंबे आहेत. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा बुडालेल्या महसुलाची मोजणी रुपया-पैशांपर्यंत झाली. त्या कामगारांच्या श्वासाची मोजणीही तितक्याच कसोशीने व्हावी, अशी आमची मागणी आहे. यात्रेकरू आणि कामगार या दोघांनाही लागणारे माप एकच आहे.

यावर कोणी म्हणेल की ही यंत्रे महाग, ती चालवणारे तज्ज्ञ थोडे, आणि यात्रेकरू लाखांनी. हा आक्षेप खरा आहे. मुखवटा बांधून होणारी संपूर्ण श्रमचाचणी सर्वांची करणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही. परंतु ज्यास यंत्र लागत नाही अशी एक चाचणी वैद्यकशास्त्राने सिद्ध केली आहे. तीस मीटर लांबीच्या सपाट ओवरीत माणसाने सहा मिनिटे आपल्या चालीने चालावे आणि किती अंतर कापले ते मोजावे. निरोगी प्रौढ साधारणतः ४०० ते ७०० मीटर चालतो. जो तीनशेच्या आतच थांबतो, ज्याच्या छातीत दडपण येते, किंवा बोटास लावलेल्या छोट्या मापकावर ज्याच्या रक्तातील प्राणवायू ९० टक्क्यांखाली उतरतो, त्याने पंचक्रोशीचा बेत तूर्त बाजूस ठेवून तज्ज्ञाकडे जावे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी किंवा बसल्या जागी छातीत दुखणाऱ्यांनी मात्र हीदेखील चाचणी वैद्यांच्या अनुज्ञेशिवाय करू नये. एक घड्याळ, एक खुर्ची, फरशीवर खडूच्या दोन रेघा आणि एक परिचारिका, एवढ्या साहित्यावर हे काम होते.

म्हणून आमच्या सूचना सरळ आहेत. गोवा शासनाने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी तीस मीटरची वाट आखून घ्यावी आणि यात्रेस किंवा पायी दिंडीस जाणाऱ्या प्रत्येक पन्नाशीपुढील माणसास रक्तदाब व साखर यांबरोबर ही चाचणी विनामूल्य उपलब्ध करून द्यावी. जिल्हा रुग्णालयांत श्वासमापक यंत्र आणि ते हाताळणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ असावा. यंत्र आहे पण माणूस नाही ही आमच्याकडील नेहमीची कहाणी येथे नको. ज्यांच्याविषयी शंका राहील त्यांची संपूर्ण श्रमचाचणी बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात व्हावी. ही तपासणी निघण्याच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही. दोन-तीन महिने आधी केली तर औषध बदलता येते, रक्त भरून काढता येते, आणि रोज थोडे थोडे चालून क्षमताही वाढवता येते. नियमित सरावाने दमसास सुधारतो हे याच चाचण्यांनी सिद्ध केले आहे. मध्य प्रदेश शासनाने पंचक्रोशीच्या वाटेवर आणि सिंहस्थाच्या मार्गांवर सावलीचे विसावे, मीठ-साखरेचे पाणी आणि नाडी पाहू जाणणारे स्वयंसेवक ठेवावेत.

सक्ती असावी काय? अमरनाथच्या यात्रेकरूस आरोग्याचा दाखला दिल्याविना जाता येत नाही आणि कैलास-मानसरोवरास निघणाऱ्यांची दिल्लीत कसून तपासणी होते. तेथील उंची आणि विरळ हवा पाहता ते योग्यच आहे. उज्जैनच्या सपाटीवर तशी सक्ती करणे आम्हांस उचित वाटत नाही. क्षिप्रेचे स्नान हा प्रत्येकाचा अधिकार आहे. एखाद्या आजीबाईस कागदाच्या कपट्यासाठी अर्ध्या वाटेवरून परतविणे निर्दयपणाचे होईल, आणि जेथे सक्ती तेथे खोट्या दाखल्यांचा बाजारही लगेच भरतो. आम्हांस हवा आहे तो सल्ला. कोणी किती चालावे, कोठे थांबावे आणि कोणते औषध जवळ बाळगावे, एवढे त्याला निघण्यापूर्वी कळले पाहिजे. देवस्थान समित्या, दिंडीप्रमुख आणि सहल-व्यवस्थापक यांनी नाव नोंदवितानाच ही विचारणा केली तर अर्धे काम तेथेच होईल.

श्रद्धा माणसाला चालवते हे आम्ही मानतो. तिच्या आधारे म्हातारी माणसे जे अंतर तोडतात ते पाहून तरुणांनी लाजावे. परंतु नागचंद्रेश्वरापुढे उभा राहून बळ मागणारा यात्रेकरू परत येऊन ते फेडण्याचे वचनही देत असतो. पाचव्या दिवशी मातीचा घोडा वाहावयास तो स्वतः हजर असला पाहिजे. सिंहस्थास अद्याप अवधी आहे. ज्यांच्या घरचे वडीलधारे २०२८ साली उज्जैनचा बेत करीत आहेत त्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी त्यांना एकदा आरोग्य केंद्रात न्यावे आणि सहा मिनिटे चालवून पाहावे. आणि शासनाने त्या केंद्रात त्यांच्यासाठी वाट आखलेली, परिचारिका नेमलेली आणि दार उघडे ठेवावे, एवढेच आमचे मागणे आहे.